गाऊट : ‘डाळ सोडा’ म्हणणे आता सोडा!

गेल्या वर्षी जून महिन्यात पन्नाशीचे एक गृहस्थ ओपीडीत आले. गवंडीकाम करणारे, गळ्यात तुळशीची माळ. उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद, सुजून तकतकीत झालेला. पायात चप्पल जात नव्हती म्हणून मुलाच्या खांद्याला धरून लंगडत आले होते. रात्री पायावर चादरसुद्धा सहन होत नाही, म्हणाले. असा अंगठा एकदा पाहिला की गाऊट ओळखायला फारसा वेळ लागत नाही.

मी सवयीने विचारले, “जेवणात काय काय असतं?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “डॉक्टर, आठ वर्षं झाली, मी डाळीला हात लावलेला नाही. पालक नाही, मटार नाही, फुलकोबी नाही. मटण-मासे तर आम्ही माळकरी, कधीच नाही. दारूचा थेंब नाही. तरी गावात लोक म्हणतात, हा चोरून पीत असणार. आता आणखी काय सोडू तेवढं सांगा.”

मग त्यांनी पिशवीतून जुनी फाईल काढली. पहिल्या पानावर माझेच अक्षर होते. ‘युरिक ॲसिड ८.९. डाळी, पालक, मटार बंद. वेदनाशामक गोळी ५ दिवस.’ खाली माझी सही. मी लिहिलेले पथ्य त्यांनी आठ वर्षे प्रामाणिकपणे पाळले होते. दुखले की तीच गोळी मेडिकलमधून आणून घेत होते. सुरुवातीला वर्षातून एकदा येणारा झटका आता दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागला होता. कोपरावर गाठ आली होती. आणि नव्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन होते २.१, म्हणजे मूत्रपिंडांचे काम बरेच कमी झालेले.

त्या पानावर मी जे लिहिले ते अपुरे होते आणि म्हणून चुकीचे होते. दुःखाची गोष्ट अशी की तेच आजही असंख्य चिठ्ठ्यांवर लिहिले जाते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि शेजारीपाजारी सांगितले जाते. गाऊट हा सांध्यांच्या आजारांपैकी सर्वांत चांगला समजलेला आणि सर्वांत चांगला आटोक्यात येणारा आजार आहे. त्यावर स्वस्त आणि प्रभावी औषध साठ वर्षांपासून उपलब्ध आहे. तरीही आपण रुग्णाच्या ताटावर बोट ठेवतो, वेदनाशामक देतो आणि मूळ औषधाचे नावच घेत नाही. याविरुद्ध हा लेख आहे. थोडा कडक वाटला तर वाटू द्या; त्यातली पहिली टीका माझ्यावरच आहे.

गाऊट म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत प्युरिन नावाचे घटक असतात. जुन्या पेशी मोडतात तेव्हा प्युरिनचे शेवटी युरिक ॲसिड होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज नावाचे एन्झाइम असते. ते युरिक ॲसिडचे पुढे विघटन करून टाकते. माणसात आणि काही वानरांत हे एन्झाइम उत्क्रांतीच्या ओघात लाखो वर्षांपूर्वीच बंद पडले. त्यामुळे आपल्याला युरिक ॲसिड लघवीवाटे आणि काही प्रमाणात आतड्यांवाटे बाहेर टाकावे लागते.

साखरेचा पाक आठवा. गरम पाकात साखर विरघळलेली असते, पण साखर जास्त झाली आणि पाक गार झाला की खडे धरतात. रक्तातल्या युरिक ॲसिडचेही तसेच आहे. साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पातळीपर्यंत ते विरघळलेले राहते. पातळी वर्षानुवर्षे त्याच्या वर राहिली, तर त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यांत साठू शकतात. शरीराच्या मानाने थंड राहणारा पायाचा अंगठा ही त्यांची आवडती जागा. एखाद्या दिवशी शरीराची संरक्षण यंत्रणा या स्फटिकांवर तुटून पडते, आणि त्या रात्री रुग्ण ओरडत उठतो.

हे काही आजचे ज्ञान नाही. आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी १८४८ मध्येच गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले दाखवले. १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनी सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून दाखवले. आजाराचे कारण इतके स्पष्ट ठाऊक असलेले फार थोडे सांधेविकार आहेत.

आता यातून निघणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झटका ओसरला तरी स्फटिक सांध्यातच असतात. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे नाही.

ताटावरचा खटला

गाऊट हा खाणाऱ्या-पिणाऱ्यांचा आजार, ही समजूत फार जुनी आहे. युरोपात त्याला राजांचा रोग म्हणत. आपल्याकडे आयुर्वेदातले वातरक्त गाऊटशी जुळवले जाते आणि चरकसंहितेत त्याचे एक नाव ‘आढ्यवात’ असे येते. आढ्य म्हणजे श्रीमंत. जुन्या काळच्या वैद्यांनी जे डोळ्यांना दिसले ते नोंदवले. पण आज आपण त्याच समजुतीने गवंड्याला, रिक्षावाल्याला, माळकऱ्याला आरोपी करतो.

हिशोब करून बघू. शरीरातल्या युरिक ॲसिडचा साधारण एक तृतीयांश भाग जेवणातून येतो. बाकीचा दोन तृतीयांश शरीर स्वतःच तयार करते. तुम्ही काहीही खाल्ले नाही तरी. त्यातही गाऊटच्या बहुतेक रुग्णांची खरी अडचण जास्त तयार होण्याची नसते. त्यांची मूत्रपिंडे युरिक ॲसिड बाहेर टाकण्यात कमी पडतात, आणि याचे मोठे कारण आनुवंशिक असते. अगदी कडक पथ्य केले तरी पातळी साधारण एका अंकाने उतरते. आमच्या गवंडीदादांचे ८.९ होते; आठ वर्षे डाळ सोडून ते फार तर ७.९ झाले असते. विरघळण्याची मर्यादा ६.८. म्हणजे एवढ्या त्यागानंतरही स्फटिक साठतच राहणार होते.

२०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या १६,७६० लोकांचा आहार, जनुके आणि युरिक ॲसिड यांची त्यात तुलना होती. लोकालोकांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी आहाराच्या एकूण पद्धतीने ०.३ टक्के किंवा त्याहूनही कमी फरक समजावता आला. जनुकांनी जवळजवळ २४ टक्के. हा अभ्यास आपल्या लोकांवर झालेला नाही, आणि ‘आहाराचा काहीच संबंध नाही’ असेही तो म्हणत नाही. पण ‘तुझ्या जिभेमुळे तुला गाऊट झाला’ असे रुग्णाला म्हणणाऱ्याने तो जरूर वाचावा.

आणि डाळींचे काय? २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास आला. त्यातल्या ७३० जणांना या काळात नव्याने गाऊट झाला. जास्त मांस आणि समुद्री मासे खाणाऱ्यांत गाऊटचे प्रमाण जास्त होते. पण मटार, डाळी-कडधान्ये, पालक, मशरूम, फुलकोबी अशा प्युरिन असलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांनी गाऊट वाढलेला दिसला नाही. एकूण प्रथिनांनीही नाही. दूध-दह्यासारखे पदार्थ जास्त घेणाऱ्यांत तर तो कमी होता. या अभ्यासाला दोन दशके उलटली, तरी आपल्याकडच्या पथ्याच्या छापील कागदावर पहिली ओळ आजही ‘डाळी बंद’ हीच असते!

शाकाहारी घरात डाळ बंद करणे म्हणजे प्रथिनांचा मुख्य स्रोत बंद करणे. वरण-भातातले वरण गेले, उसळ गेली, पिठले गेले, उरले काय? भात, बटाटा, साबुदाणा आणि चहा-बिस्किटे. वजन आणि साखर वाढवायला याहून चांगला बेत नाही. आणि वाढलेले वजन हे गाऊटचे खरेखुरे कारण आहे.

आहारात ज्याकडे लक्ष द्यायचे ते वेगळेच आहे :

- दारू, त्यातही बिअर. २००४ च्याच एका मोठ्या अभ्यासात बिअरचा गाऊटशी सर्वांत जास्त संबंध दिसला, त्याखालोखाल व्हिस्की-रमसारख्या कडक दारूचा.
- साखर घातलेली शीतपेये. यातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक ॲसिड वाढते. पाहुण्यांना बिअर नको म्हणून गोड कोल्ड्रिंक देणारे यजमान हे विसरतात.
- कलेजी, गुर्दा, भेजा, तसेच भरपूर मटण आणि काही मासे, कोळंबी-शिंपल्या. ज्यांना गाऊट आहे त्यांनी हे कमी करावे.
- वजन. हळूहळू उतरवलेले वजन फायद्याचे. पण निर्जळी उपवास किंवा ‘आठ दिवसांत पाच किलो’ छापाचे डाएट नको. उपाशीपोटी शरीर चरबी जाळते तेव्हा युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचे काम मंदावते आणि झटका येऊ शकतो.
- पाणी. उन्हात काम करणाऱ्यांनी विशेषतः.

ही काळजी घ्याच. मात्र ज्याला वारंवार झटके येतात त्याचा आजार एवढ्यावर आटोक्यात येईल, अशी आशा त्याला लावू नये. मधुमेहाच्या रुग्णाला साखर ४०० असताना ‘फक्त गोड सोडा’ म्हणून आपण घरी पाठवतो का?

प्रत्येक उपाय ‘लागू’ का पडतो?

गाऊटचा झटका काहीही उपचार न करता साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. या एका वाक्यात आपल्याकडच्या निम्म्या गाऊट-उपचारांचे रहस्य आहे.

चौथ्या दिवशी लिंबूपाणी सुरू केले, आठव्या दिवशी सूज उतरली : लिंबूपाण्याचा गुण! पाचव्या दिवशी कुणी लेप दिला, दहाव्या दिवशी चालता आले : लेपाचा गुण! डाळ सोडली आणि पुढचा झटका सहा महिन्यांनी आला : पथ्याचा गुण! प्रत्यक्षात झटका जायचाच होता, आणि पुढचा त्याच्या वेळेने यायचा होता. ज्या आजारात मधला काळ दुखण्याविना जातो, त्यात कुणालाही वैद्य होता येते. खाण्याचा सोडा पाण्यात घालून रोज पिणारे रुग्णही मी पाहिले आहेत. त्यातल्या सोडियमने रक्तदाब वाढतो तो वेगळाच.

एक इशारा इथेच देतो. गाऊटच्या झटक्यावर वापरले जाणारे कोल्चिसिन हे द्रव्य पावसाळ्यात आपल्याकडे फुलणाऱ्या कळलावीतही असते. म्हणून कुणी कळलावीचा कंद उगाळून देऊ लागला तर ‘नैसर्गिक आहे’ म्हणून घेऊ नका. तो जीवघेणा विषारी आहे. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा असतो, आणि कंदात मात्रा मोजता येत नाही.

दुसरा इशारा बिननावाच्या पुड्यांचा. एका पुडीत दोन तासांत सूज उतरली तर आनंदाआधी शंका येऊ द्या. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. डॉक्टरांनी मोजून, थोडे दिवस दिलेले स्टेरॉइड हा झटक्यावरचा योग्य उपचार असू शकतो. पण न कळता महिनोन्‌महिने पोटात गेलेले स्टेरॉइड साखर, रक्तदाब आणि हाडे तिन्ही बिघडवते.

गिधाडांची गोष्ट

आता वेदनाशामकांकडे. डायक्लोफिनॅक हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. झटक्याच्या वेळी थोडे दिवस, योग्य रुग्णाला, असे औषध देणे चूक नाही. पण आपल्याकडे ते दुकानात मागितले की मिळते आणि वर्षानुवर्षे घेतले जाते.

भारतातली गिधाडे १९९० च्या दशकात झपाट्याने नाहीशी होऊ लागली, हे अनेकांनी वाचले असेल. २००४ मध्ये नेचर या नियतकालिकात त्याचे कारण प्रसिद्ध झाले. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात जात होते. त्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि अंतर्गत अवयवांवर युरिक ॲसिडचा खडूसारखा पांढरा थर जमा होई. म्हणजे गिधाडे गाऊटनेच मरत होती! २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपले शरीर हे औषध बरेच चांगले पचवते, हे खरे. पण दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामकांनी माणसाच्या मूत्रपिंडांनाही इजा होते, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा आधीचा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. आणि गाऊटच्या रुग्णांत या गोष्टी अनेकदा सोबत असतात. मूत्रपिंड दुबळे झाले की युरिक ॲसिड आणखी साठते, झटके वाढतात, गोळ्या वाढतात. आमचे गवंडीदादा आठ वर्षे याच चक्रात फिरत होते.

मग खरा उपचार कोणता?

उपचाराचे दोन स्वतंत्र भाग आहेत. आपण पहिलाच करतो आणि थांबतो.

पहिला भाग : पेटलेला झटका विझवणे. त्यासाठी कोल्चिसिन, वेदनाशामक किंवा थोड्या दिवसांचे स्टेरॉइड. कोणते, ते रुग्णाची मूत्रपिंडे, पोट आणि साखर पाहून ठरते. पूर्वी कोल्चिसिन जुलाब लागेपर्यंत देत असत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी मात्रा जास्त मात्रेइतकीच उपयोगी ठरली आणि जुलाबाचा त्रास कितीतरी कमी झाला. लवकर सुरू केलेले औषध जास्त चालते, म्हणून ‘बघू उद्या’ करू नका.

दुसरा भाग : युरिक ॲसिड कायमचे खाली आणून साठलेले स्फटिक विरघळवणे. हाच खरा उपचार. यासाठीचे मुख्य औषध ॲलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ते आले, अमेरिकेत १९६६ मध्ये त्याला गाऊटसाठी मान्यता मिळाली, आणि या दोघांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ते स्वस्त आहे आणि गावातल्या दुकानातही मिळते.

ते देताना आपण चार चुका करतो.

पहिली चूक : लक्ष्यच नसणे. गाऊटच्या रुग्णाचे युरिक ॲसिड ६ च्या खाली राहायला हवे. लॅबच्या रिपोर्टवर मात्र ७ किंवा ७.२ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेले असते. ६.९ आले की आकडा लाल होत नाही, रुग्ण खूश, डॉक्टर खूश. पण ६.९ ला स्फटिक विरघळत नाहीत. ती ‘नॉर्मल’ची रेघ निरोगी लोकांवरून काढलेली आहे, तुमच्यासाठी नाही.

दुसरी चूक : १०० वर अडकणे. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमने किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी मात्रेने सुरू करायचे असते. सुरू करायचे, थांबायचे नसते! दर काही आठवड्यांनी युरिक ॲसिड तपासून मात्रा हळूहळू वाढवावी लागते. अनेकांना ३०० किंवा त्याहून जास्त लागते. वर्षानुवर्षे १०० वर राहिलेला आणि तरीही झटके येणारा रुग्ण म्हणतो, “ती गोळी मला लागू नाही.” गोळी लागू होती, मात्रा लागू नव्हती.

तिसरी चूक : सुरुवातीच्या झटक्यांची कल्पना न देणे. स्फटिक विरघळू लागले की पहिले काही महिने झटके येऊ शकतात, कधी वाढूही शकतात. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनसारखे संरक्षक औषध कमी मात्रेत देतात. हे कुणी सांगितले नाही तर रुग्ण म्हणतो, गोळीनेच दुखणे वाढले. आणि गोळी फेकून देतो. त्यात त्याचा दोष नाही.

चौथी चूक : दुखणे थांबले की गोळी थांबवणे. झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायचे असते, आणि झटके बंद झाले तरीही. बंद केले की काही महिन्यांत आकडा पुन्हा पूर्वीच्या जागी जातो.

हे सगळे नीट केले तर काय होते? इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे ५१७ रुग्णांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. एका गटाला नेहमीप्रमाणे आपापल्या डॉक्टरांकडे उपचार. दुसऱ्या गटाला प्रशिक्षित नर्सनी आजार समजावून सांगितला, शंकांना उत्तरे दिली आणि आकडा ६ च्या खाली येईपर्यंत औषधाची मात्रा वाढवली. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ३० टक्के रुग्णांचे युरिक ॲसिड लक्ष्याखाली होते. नर्सच्या गटातल्या ९५ टक्के. झटके आणि गाठीही कमी झाल्या. नवे औषध कुठलेच नव्हते. वेळ देऊन समजावणे आणि आकड्याचा पाठपुरावा, एवढाच फरक. आम्ही डॉक्टरांनी मान खाली घालून वाचावी अशी ही चाचणी आहे.

उलट बाजू : गाऊट नसताना गोळी

एवढे वाचून कुणी लगेच युरिक ॲसिडची गोळी सुरू करू नये, म्हणून हेही सांगतो. आपल्याकडे खऱ्या गाऊटला औषध मिळत नाही आणि गाऊट नसलेल्यांना ते सर्रास मिळते.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड असतेच. ७.६ आले की टाचदुखी, गुडघेदुखी, कंबरदुखी सगळे त्याच्या नावावर खपते. साठीच्या आजींचे गुडघे झिजेने दुखत असतात, आणि त्या दोन वर्षे गोळी खात डाळ सोडून बसलेल्या असतात. नुसते युरिक ॲसिड वाढलेले असणे म्हणजे गाऊट नव्हे. अमेरिकेतल्या चार मोठ्या पाहण्यांची एकत्रित आकडेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १० किंवा त्याहून जास्त पातळी असलेल्यांपैकीही सुमारे निम्म्या लोकांना पंधरा वर्षांत गाऊट झाला नाही. कधीच झटका आला नसेल तर केवळ आकड्यासाठी औषध घेऊ नये, असेच अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेचे २०२० चे मार्गदर्शन आहे. हृदय किंवा मूत्रपिंड वाचेल या आशेने दिलेल्या ॲलोप्युरिनॉलचाही २०२० आणि २०२२ च्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही.

आकडा वाढण्याची इतर कारणेही बघा. टीबीच्या उपचारातले पायराझिनामाइड युरिक ॲसिड हमखास वाढवते. त्या रिपोर्टला घाबरून टीबीची औषधे बंद करणे हा भयंकर प्रकार आहे. रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही ते वाढते. त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. उलट, खऱ्या झटक्याच्या दिवशी युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकते. शंका असेल तर झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. खात्रीचे निदान सांध्यातल्या पाण्यात स्फटिक दिसण्याने होते.

“पण डॉक्टर, आयुष्यभर गोळी?”

हा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांनाच गोळी लागत नाही. आयुष्यात एकदाच झटका आला असेल तर बहुतेक वेळा थांबून पाहता येते. वर्षात दोन किंवा अधिक झटके, शरीरावर गाठी, एक्स-रेमध्ये सांध्याची झीज असेल तर औषध निश्चित हवे. पहिल्याच झटक्यात मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा किंवा ९ च्या वर आकडा असेल तरीही लवकर विचार करावा.

दुष्परिणामांबद्दल लपवण्यासारखे काही नाही. ॲलोप्युरिनॉलने क्वचित त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येते, बहुधा पहिल्या काही महिन्यांत. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड यांपैकी काहीही दिसले तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जा. म्हणूनच ती कमी मात्रेने सुरू करतात. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी आधी सांगायलाच हवे. दुसरे औषध फेबुक्सोस्टॅट. त्याबद्दल २०१८ च्या एका चाचणीने हृदयरुग्णांसाठी चिंता दाखवली, २०२० च्या दुसऱ्या चाचणीत तसा धोका आढळला नाही. हृदयविकार असेल तर निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

आकडा गाठण्यामागे लागावे की नुसते झटके आले तर उपचार करावेत, यावर डॉक्टरांतही मतभेद होते. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये लक्ष्य ठेवून उपचार करण्यास पुरेसा पुरावा नाही असे म्हटले होते. नॉटिंगहॅमची चाचणी त्यानंतर आली. माझे मत त्या चाचणीने आणि माझ्याच जुन्या सहीने पक्के केले.

आणि गोळी न घेणारेही गोळ्याच घेत असतात, हे विसरू नका. ॲलोप्युरिनॉल नको म्हणणारा रुग्ण वर्षाला किती वेदनाशामक गोळ्या गिळतो ते एकदा मोजा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा

- मला खरोखर गाऊट आहे, की फक्त रिपोर्ट वाढलेला आहे?
- माझे लक्ष्य किती, आणि मी आज कुठे आहे?
- मात्रा वाढवायची आहे का? पुढची तपासणी कधी?
- सुरुवातीचे झटके टाळायला सोबत काही घ्यायचे का?
- माझे क्रिएटिनिन किती आहे, आणि मला वेदनाशामक चालतील का?

यातला एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही. उत्तर देणे आमचे काम आहे.

गवंडीदादांना ॲलोप्युरिनॉल अगदी कमी मात्रेने सुरू केले, हळूहळू वाढवले. तिसऱ्या महिन्यात झटका आला तेव्हा ते चिडून आले. पण हे होणार हे आधीच सांगितले होते, म्हणून गोळी बंद करून आले नाहीत. गेल्या महिन्यात युरिक ॲसिड ५.४ होते. सात महिन्यांत झटका नाही, कोपरावरची गाठ मऊ होऊन लहान होते आहे, ते कामावर जातात. घरी रोज आमटी होते. क्रिएटिनिन मात्र १.९ वरच थांबले आहे. त्यात रक्तदाबाचा वाटा असेल, पण आठ वर्षांच्या गोळ्यांचाही आहे. ते भरून येणार नाही.

तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षे डाळ सोडून अंगठा धरून बसले असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. औषध मात्र लेख वाचून स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.